जाकीट धुवायचं नाही

ता. ३, सोमवार

सकाळी साडेदहाला सुखरूप पोचले. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, शेजारची बाई झोपाळू निघाली, त्यामुळे जपही पुरा झाला. देवाची कृपा.

धाकटा स्वतः घ्यायला आला होता. केस खांद्याच्या खाली, कानात तीन-तीन रिंगा, पण ताई म्हणून गळ्यात पडला तो अगदी पूर्वीसारखा. आई गेली तेव्हा हा पाच वर्षांचा आणि मी सतराची, नुकती मॅट्रिक झालेली. त्याला न्हाऊ-माखू घातलं, पाढे शिकवले, ताप आला की उशाशी बसले. आता तो एकोणतीस वर्षांचा आहे आणि लोक त्याच्या सह्या घेतात! आमचे हे दोन महिने कामानिमित्त बाहेरगावी, मुलगी वसतिगृहात. त्यात याच्या बँडचं घर सांभाळणारा माणूस एकाएकी काम सोडून गेला. ताई, तूच ये, म्हणाला. आले.

बँडचं नाव इतकं अमंगळ आहे की मी ते या वहीत लिहिणार नाही. पहिल्या पानावर देवाचं नाव लिहिलं आहे.

घर गावाच्या कडेला, दुमजली. खाली वाजवायची खोली, तिला भिंतभर गाद्या ठोकलेल्या. स्वयंपाकघर मोठं, पण ओट्यावर चिकटा एवढा की ठेवलेला पेला उचलताना आवाज यायचा. मंडळी चार. म्होरक्या, म्हणजे मोठी गिटार वाजवणारा आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा. बारीक, नीटनेटका, सावकाश बोलणारा. ड्रमवाला ढोल्या, नावाप्रमाणेच अंगाने. पहिल्याच तासात माझ्या हातचं तीनदा जेवला आणि ताई, आता तुम्हाला जाऊ देणार नाही, म्हणाला. जाड तारांच्या गिटारवाला मुका. तो बोलतो, पण वर्षातून दोनदा, असं ढोल्या म्हणतो. चौथा आमचा धाकटा, गाणारा. दोन वर्षांपूर्वी हे लोक एका गॅरेजात चाळीस माणसांपुढे वाजवायचे, त्यातली निम्मी गाडी दुरुस्तीला आलेली. आता मैदानं भरतात. धाकटा आल्यावरच हे झालं म्हणे. मला काय, आपल्या पोराचं कौतुक कुणाला नको!

ता. ४, मंगळवार

दिवसभर घासलं. चार बादल्या पाणी काळं झालं. संध्याकाळी ओट्यात तोंड दिसत होतं.

मग कपड्यांची यादी केली. घरी धोब्याला कपडे देताना मी मोजून देते आणि मोजून घेते, तशीच इथेही वही घातली. ढोल्या: सदरे पाच, पायजमे तीन, मोजे सात (आठवा कुठे ते देव जाणे). असं चौघांचं. पण स्टेजवर घालायचे काळे कपडे द्यायला कुणी तयार होईना. ढोल्याने हसत हसत समजावलं की दौरा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत स्टेजचे कपडे धुवायचे नाहीत, हा त्यांचा नेम. घामाने नशीब टिकतं. मी म्हटलं, घामाने खरूज टिकते. सगळे हसले. म्होरक्याही हसला, पण ओठांनीच.

वाजवायच्या खोलीत खिळ्याला एक चामड्याचं जाकीट आहे. धाकटा गाताना तेच घालतो. यादीत लिहायला म्हणून हात लावला, तर मागून म्होरक्या हळूच म्हणाला, ताई, हे यादीत नाही. हे कधीच नाही. आधीच्या गाणाऱ्याचं होतं, आणि शिवल्या दिवसापासून त्याला पाणी लागलेलं नाही.

शी! हात साबणाने तीनदा धुतला. जाकीट ओलसर होतं. आणि कोमट, नुकतंच कुणी अंगातून काढल्यासारखं. सगळे तर दोन तास स्वयंपाकघरात बसले होते.

ता. ६, गुरुवार

आज तालीम ऐकली. ऐकली म्हणजे काय, पाय जमिनीला होते तेवढ्यावाटे शिरली अंगात. भांड्यांचं दुकान जिन्यावरून गडगडत यावं आणि त्याखाली सापडलेल्या माणसाने मदतीला हाका माराव्या, असं ते गाणं. मारणारा आमचा धाकटा. लहानपणी याचा आवाज किती गोड! मी विचारलं, बाबा, घसा दुखत नाही का? म्हणाला, जाकीट अंगात असलं की दुखत नाही.

पण घरात सगळं आलबेल नाही. धाकट्याने एक साधं गाणं बांधलं आहे, एका गिटारीवरचं, हळू चालीचं. मला जिन्यात बसून ऐकवलं. डोळे भरून आले. ते त्याला नव्या रेकॉर्डमध्ये घ्यायचं आहे. म्होरक्या म्हणतो, ते ताईच्या ओट्यावर गा, पीठ मळताना बरं पडेल. ढोल्या धाकट्याच्या बाजूने बोलला, तर त्याला म्हणाला, तू जेव. मुका नेहमीप्रमाणे तारा पुसत बसला. शेवटी धाकटा चिडून ओरडला की लोक माझा आवाज ऐकायला येतात, मग काय गायचं ते मीही ठरवेन. म्होरक्या तितक्याच शांतपणे म्हणाला, लोक तुझा आवाज ऐकायला येत नाहीत. आधीच्याचाही येत नव्हते. खिळ्याकडे बघ.

मी भाजी चिरत होते, सगळं ऐकलं. दोघंही आपलंच खरं म्हणणारे. पण आपलं माणूस आपलं. तो सुखाने त्याचं गाणं गायला लागला की मी घरी जाईन.

ता. ९, रविवार

दौऱ्यावर. मोठ्या गाडीत आठ आसनं, त्यातलं एक जाकिटाचं. खरंच! खिडकीजवळ ते बसवलेलं, वर पट्टा लावलेला. मी मागे पिशवी मांडीवर घेऊन अवघडून बसले. गाडीत मांसाच्या दुकानाचा वास येत होता, दुपारच्या वेळचा. ड्रायव्हर बिचारा मान बाहेर काढून गाडी चालवतो. मी कापूर दिला त्याला रुमालात बांधून.

दुपारी मैदानावर आवाजाची चाचणी होती. त्यानंतर पडद्यामागे जे पाहिलं ते लिहायलाही किळस येते. म्होरक्याने जाकीट उलटं धरलं आणि चौघांनी आळीपाळीने आतल्या अस्तराला कपाळं पुसली. ढोल्याने तर काखासुद्धा. अस्तर मुळात कुठल्या रंगाचं असेल ते सांगता येणार नाही. आता ते साईसारखं पिवळट, आणि त्यावर जाड थर. ढोल्या म्हणाला, ताई, तुम्हीही पुसा, घरचंच माणूस. मी म्हटलं, माझ्या घामाला मी अजून न्हाणीचा रस्ता विसरू दिलेला नाही. तो खो खो हसला.

म्होरक्या मात्र स्वतः पुसत नाही. वर चौघांनी असं लिहिलं खरं मी, पण आता आठवते, तर चौथा ड्रायव्हर होता. म्होरक्या फक्त धरतो. तेही हातमोजे घालून.

ता. ११, मंगळवार

काल कार्यक्रम स्टेजच्या बाजूने उभं राहून पाहिला. हजारो माणसं, सगळी एका तालात माना आपटणारी. धाकटा पुढे उभा. तो आवाज त्याच्या गळ्यातून निघतच नव्हता. मी त्याच्या मानेकडे बघत होते, शीर ताणली नव्हती, कंठ हलत नव्हता. आवाज खालून येत होता, छातीच्या भोवतालातून. कानांत कापूस घालून मी नाव घेत राहिले.

कार्यक्रम संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत त्याने जाकीट काढलं. चिकटपट्टी ओढावी तसा आवाज झाला. लांबलचक. पाठ लाल, ओली, आणि इतकी गुळगुळीत की दिवा चमकत होता तिच्यावर. मी मलम लावायला घेतलं आणि हात थांबला. याच्या डाव्या खांद्यावर जन्मापासून तीन तीळ, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले. मी हजारदा त्यांवरून साबण फिरवला आहे.

तीळ नाहीत.

मी विचारलं, तर म्हणाला, ताई, पाठ कुणी बघतं का स्वतःची? गेले असतील.

तीळ जातात कुठे?

ता. १२, बुधवार

सगळे नाश्त्याला गेल्यावर मी जाकीट उलटं केलं. काठीने केलं, हाताने नाही. अस्तराच्या डाव्या खांद्यावर तीन काळे ठिपके, दगडांसारखे मांडलेले. मळाचे असतील म्हणून काठीचं टोक घासलं. मळ निघाला. ठिपके राहिले. त्यातल्या एकावर केस होता.

उजव्या बाजूला बरगड्यांच्या जागी एक लांब शिवण आहे, बाहेरून चामड्याच्या पट्टीखाली झाकलेली. काळा दोरा, घट्ट टाके. शिवणीच्या कडा सुजल्यासारख्या.

धाकट्याला सांगितलं, तर मलाच समजावू लागला की चामडं आहे ते, जनावराचंच असतं, केस असणारच. त्याच्या तोंडाला तो वास येतो आता.

ता. १५, शनिवार

धाकट्याने म्होरक्याला ठणकावलं: आज मी जाकीट घालणार नाही. पांढरा सदरा घालीन आणि माझं गाणं म्हणेन. मला वाटलं भांडण पेटेल. पण म्होरक्या म्हणाला, घाल की. मला एवढंच हवं होतं की तू एकदा बघावंस.

सदऱ्याला मी स्वतः इस्त्री केली. देवापुढे दिवा लावून आले.

तो छान गायला. देवाशप्पथ छान गायला, लहानपणचा गळा. पहिल्या कडव्यात लोक चक्रावले, दुसऱ्यात ओरडू लागले, तिसऱ्यात बाटल्या आल्या. तेही मी सोसलं असतं. पण तो कापू लागला. हवा इतकी गरम की ढोल्या उघडा वाजवत होता, आणि धाकट्याचे ओठ निळे, दात वाजताहेत, शब्द फुटेना. स्टेजवरच बसला. मी धावले, हात धरला, तर बर्फ.

म्होरक्याने जाकीट आणून त्याच्या अंगावर टाकलं, आजाऱ्यावर पांघरूण टाकतात तसं. क्षणात रंग परतला. आणि तो बसला होता त्या जागेवरून ते ओरडणं सुरू झालं, आणि बाटल्या फेकणारे तेच लोक रडू लागले आनंदाने.

म्होरक्या मला म्हणाला, पाहिलंत ना ताई? याचं काही अडत नाही माझ्यावाचून. जाकिटावाचून अडतं.

ता. १६, रविवार

घरी परतलो. चार दिवस सुटी. धाकटा जाकीट घालून झोपतो आता. काढलं की थंडी.

मी सरळ विचार केला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वर देव आहे, खाली घाण आहे, आणि बहुतेक रोग घाणीतून येतात. इतक्या माणसांचा घाम, वर्षानुवर्षांचा, त्यात काय काय वाढलं असेल! ते कातडीतून अंगात शिरतं आणि ताप, थंडी, भ्रम होतो. लहानपणी याला खरूज झाली होती तेव्हाही मी त्याचे सगळे कपडे सोड्याच्या पाण्यात उकळले होते. आठ दिवसांत लख्ख. तेच करायचं.

उद्या म्होरक्या, ढोल्या आणि मुका मुलाखतीला जाणार आहेत. काल रात्री धाकट्याला बघून गेलेल्या डॉक्टरने झोपेची गोळी दिली आहे, ती त्याला देईन.

ता. १७, सोमवार

लिहायलाच हवं. लिहिलं नाही तर खोटं बोलल्यासारखं होईल.

सकाळी दहाला तिघे गेले. धाकटा गोळीने गाढ झोपला. जाकीट हलकेच सोडवून काढलं, त्याला तीन रजया घातल्या. खाली न्हाणीत मोठं घंगाळ, उकळतं पाणी, चार मुठी सोडा. जाकीट त्यात सोडलं. पाण्यावर तवंग आला, जेवणाच्या भांड्यावर थंड तूप धरतं तसा. वास असा की मी नाकाला रुमाल बांधला.

मग वरून धाकट्याचा आवाज आला. मोठा, लांब.

देवा, मला वाटलं तो उठून रियाज करतोय. यांचा रियाज असाच. दोन आठवडे रोज ऐकत होते तेच किंचाळणं, तेच. मला बरंसुद्धा वाटलं! म्हटलं, जाकिटाशिवाय आवाज फुटला पोराचा, थंडी गेली. सोड्याचा गुण.

ताठ केसांचा ब्रश घेऊन घासायला बसले. पाठ घासली, बाह्या घासल्या. पाणी काळं, मग तपकिरी, मग लालसर. घासावं तसा वरचा आवाज चढायचा, थांबावं तसा उतरायचा. मी तालावर घासत होते. खोटं कशाला लिहू, गुणगुणतही होते.

अस्तरातून पातळ पापुद्रे निघत होते, दुधावरच्या सायीसारखे. मला वाटलं, मळ.

मग दोन्ही टोकं धरून पिळलं.

आवाज बंद झाला.

वर गेले तेव्हा तो पलंगाखाली होता. रजया ओल्या. पाठभर फोड आणि ब्रशच्या रेघा. माझ्या हाताच्या. मी जशी घासते तशा, उभ्या, मग आडव्या.

ता. १८, मंगळवार

डॉक्टर येऊन गेले. भाजलंय म्हणाले, पण चादर कशी भाजली नाही ते त्यांना कळेना. कसं झालं विचारलं. मी मलमाचं नाव लिहून घेतलं.

म्होरक्या परत आला तो आधी न्हाणीत गेला. जाकीट तपासलं, बाह्यांत हात घालून. नंतर धाकट्याला बघायला वर आला. या माणसाची मला जाकिटापेक्षा जास्त किळस आली.

चिडला नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, ताई, तुम्ही तर फक्त धुतलं. आधीच्याच्या बायकोने कात्री लावली होती. बरगडीपासून खाली.

शिवण मी पाहिली आहे.

ढोल्या दारात उभा राहून रडत होता. त्याला हे ठाऊक नव्हतं म्हणतो. घाम पुसायचा नेम, तेवढंच ठाऊक. मुका आज बोलला. म्हणाला, मला ठाऊक होतं. आणि बाहेर जाऊन बसला.

जाकीट वाळत नाही. दोरीवर टाकलं तर धाकट्याच्या जिभेला कोरड पडते, ओठ फाटतात. आत आणलं तर हुडहुडी. धाकट्याच्या अंगावर घालता येत नाही, कातडीच उरली नाही चिकटायला. म्होरक्या म्हणतो, त्याला अंगाची ऊब लागते, माणसाच्या. चुलीची चालत नाही.

मी म्हटलं, मग घाल की तू. तो हसला. म्हणाला, मी वेडा आहे का?

ता. १९, बुधवार

ढोल्याने घालून पाहिलं. बाह्यांत हात जाईनात. मुक्यानेही. त्याच्या अंगात गेलं, पण तसंच गार राहिलं, लोंबत.

धाकट्याची नखं काळी पडली. ताई, थंडी, एवढंच म्हणतो. पाच वर्षांचा असताना म्हणायचा तसंच.

मी दार लावून घेतलं. देवाची क्षमा मागितली. डोळे मिटून घातलं.

किती लिहू. ओलं, लिबलिबीत, कुजक्या केळ्याच्या सालीत हात घालावा तसं. मानेला काहीतरी हललं. ओकले. पुन्हा ओकले. मग ते गरम झालं. चूल पेटावी तसं हळूहळू.

धाकट्याने पाणी मागितलं.

ता. २०, गुरुवार

त्याला बरं आहे. दुपारी उठून बसला, पेजेसारखं पातळ खाल्लं. पाठीवर नवी कातडी धरतेय, डॉक्टर थक्क.

डाव्या खांद्यावर तीन तीळ आहेत. मी मोजले.

मला अंघोळ करता येत नाही. माझ्या वासाने मलाच झोप नाही.

ता. २१, शुक्रवार

धाकटा खिडकीशी बसून त्याचं गाणं म्हणतो. ढोल्या टेबलावर बोटांनी ठेका धरतो. कित्ती गोड. मी दाराआडून ऐकते, आत जात नाही.

ताई, आता काढ ते, म्हणाला. मी प्रयत्न केला. मानेपाशी नखं घालून. बोटांना कडा लागत नाही, कुठे ते संपतं आणि कुठे मी—

ओढलं. मला दुखलं. त्याला दुखलं नाही. विचारलं मी, दोनदा. नाही म्हणाला.

म्हणजे तो सुटला. देवा, सुटला तो! एवढंच मागितलं होतं.

ता. २२, शनिवार

संध्याकाळी जप करायला बसले. पहिला शब्द उच्चारला आणि खोलीच्या काचा—

तो माझा आवाज नाही. देवाचं नाव असं घ्यायचं नसतं. तोंड मिटून घेतलं. मिटल्यावरही थोडा वेळ चालूच होतं.

खाली म्होरक्याने गिटार लावली. वाट बघत होता.

ता. २३, रविवार

ठरलं. उद्या सकाळी ड्रायव्हर धाकट्याला ह्यांच्याकडे, त्यांच्या कामाच्या गावी नेऊन सोडणार. मी पाटीवर लिहून सांगितलं, बोलले नाही. लिहिलं, मी मागून येते.

धाकट्याबरोबर चिठ्ठी दिली आहे, ती हे वाचतील. काय वाटेल ह्यांना—

म्होरक्याने अडवलं नाही. का नाही अडवलं?

अंग भिजलंय. घाम माझा नाही. जिभेवर चार-पाच माणसांची चव—

ता. २४, सोमवार

सकाळ. गाडी दाराशी.

धाकटा निरोप घ्यायला वर आला होता. नवा सदरा, केस विंचरलेले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि थांबला. तोंड वाकडं झालं त्याचं. आवरू बघत होता पण झालं. रुमाल काढून नाकाला लावला.

बरं झालं. लाव रे बाबा, लाव नाकाला रुमाल. पळ.

हातानेच जा म्हटलं. तो जिना उतरला. ढोल्याने पिशवी उचलली, गाडीचं दार वाजलं. माझं तोंड मिटलेलं आहे. दात आवळून धरलेत. इंजिन सुरू—

कुणीतरी त्याला हाक मारली. आत्ता. बाळा म्हणून. आईसारखी.

मी नाही मारली. तोंड मिटलंय माझं. छातीपाशी, शिवणीतून—

इंजिन बंद झालं.

डाव्या हाताने शिवण दाबून धरलीय, उजव्याने लिहितेय. बोटांतून निसटतोय आवाज. किती गोड आवाज. गार वाटतं रे, म्हणतोय, ये, ऊब दे—

जिन्यावर पावलं. नको रे. ड्रायव्हर, धर त्याला, कुणीतरी—

रुमाल नाही नाकाला त्याच्या. हसतोय. दोन्ही हात पुढे करून ये—